त्या वाक्याला आधार काय

६ सप्टेंबर

चि. ढमीस आशीर्वाद.

फोन का उचलत नाहीस म्हणून तू मेसेजवर मेसेज केलेस. उचलून काय करू? मालक माझ्या दारासमोर जिन्यात खुर्ची टाकून बसलाय. मी आत शिंकले तरी बाहेरून विचारतो, "काय बाई, सर्दी का?" मेसेजची बटणं मला जमत नाहीत, म्हणून कागद घेतला. चौथीनंतर एवढं लांबलचक कधी लिहिलं नाही, तेव्हा हसायचं नाही. पत्र टोपलीतून खाली सोडते, किराणावाला पेटीत टाकतो. भाजी, साबण, दोरा सगळं त्याच टोपलीने वर येतं.

गोष्ट अशी आहे. खोलीचा करार संपला. मालक म्हणाला, नवा करणार नाही, बिल्डिंग पाडायची आहे. वरचे गेले, शेजारचे गेले. मी म्हटलं मी नाही जात. तुझ्या आतोबांनी प्राण सोडला तो या खोलीत, ताई चालायला शिकली ती इथे, आणि माझं गिऱ्हाईक सगळं या गल्लीतलं. पँटी आखूड करणारी बाई गल्ली सोडून गेली की तिला कुत्रं विचारत नाही.

मग त्याने मोबाईल माझ्या नाकाशी धरला. तुझ्या कंपनीचं, कायदा सांगणारं पान! वर तोच निळा तराजू, तू दिलेल्या कॅलेंडरवर आहे तो. त्यात लिहिलं होतं, मी उतरवून घेतलंय: "करार संपल्यानंतर भाडेकरूने जागा रिकामी सोडल्यास, मग ती थोड्या वेळासाठी का असेना, त्याने ताबा सोडला असे धरले जाते." आणि वाक्याच्या शेवटी, जरा वरच्या अंगाला, बारीक तीनचा आकडा. मालक म्हणाला, "बाई, मी गुंड नाही. मी तुमच्या अंगाला हात लावणार नाही. तुम्ही बाहेर पडलात की मी कुलूप लावीन. कायद्याने." आणि खुर्ची आणून बसला.

तेव्हापासून मी आत. न्हाणी आत आहे म्हणून निभावतंय, नाहीतर कायद्याने माझी काय शोभा केली असती ते लिहवत नाही.

आता खरी अडचण ऐक. ताईला सहावा लागलाय. डॉक्टरीण म्हणाली, पलंगावरून उठायचंच नाही, उठलीस तर मूल हाती लागणार नाही. जावई जहाजावर, ते जहाज कुठल्या समुद्रात आहे ते त्यालाही माहीत नसेल. शेजारीण डबा ठेवून जाते, बस. ताई रोज फोनवर म्हणते, "आई, कधी येतेस?" मी न्हाणीत जाऊन हळूच म्हणते, येते. का येत नाही ते सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती उठून इकडे येईल, बापावर गेली आहे.

तेव्हा तू एवढंच कळव. ते वाक्य खरं की खोटं? खोटं असेल तर आजच निघते. तुम्ही लिहिलंय म्हणजे खरंच असणार म्हणा, तू तिथे बसतेस ना. तरी विचारते. एका शब्दात कळव, तुला लांबण लावायची खोड आहे.

आत्या

---

१२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी जेवलेच नाही. आणि आता तरी मला ढमी म्हणणं सोड, ऑफिसात पाकीट पडलं, त्यावरचं नाव सगळ्यांनी वाचलं.

तुला आमचं काम नीट सांगते, मग उत्तर देते. आमच्या पानावर प्रत्येक वाक्यामागे तो बारीक आकडा असतो. तो दाबला की ते वाक्य कुठून घेतलंय ते दिसतं. कायद्याचं पुस्तक, कोर्टाचा निकाल, काहीतरी. माझं काम म्हणजे आकडा दाबायचा, तो नेईल तिथे जायचं, तिथे ते आहे का बघायचं. असलं तर हिरवी खूण. वाक्य खरं आहे का, हे मी ठरवायचं नसतं.

तुझ्या वाक्याचा आकडा मी दाबला. तो दुसऱ्या एका कायद्याच्या साइटवर घेऊन गेला. तिथे तेच वाक्य, शब्दाला शब्द. त्यांचा आकडा दाबला, तर तिसऱ्या साइटवर. तिथेही तेच. तिसऱ्यांचा आकडा दाबला आणि मी परत आमच्याच पानावर आले. मला वाटलं मीच चुकले. पुन्हा गेले. पुन्हा घरी आले. आत्या, त्या वाक्याला चारी बाजूंनी हिरव्या खुणा आहेत आणि मधे काहीच नाही.

मग मी मूळ कायदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात ते वाक्य नाही. पण म्हणून मी "खोटं" असं लिहून देऊ शकत नाही. एखाद्या निकालात असू शकेल, मी शोधतेय. तू एक शब्द मागितलास, तर सध्या माझ्याकडे हा आहे: निराधार.

माझ्या या पत्रावर विसंबून कृपा करून बाहेर पडू नकोस. मला खात्री होईपर्यंत थांब.

ताईला मी फोन करते. तुझं काही सांगत नाही.

तुझी,
(ढमी नव्हे)

---

१७ सप्टेंबर

चि. ढमीस आशीर्वाद.

निराधार तर मी आहे. वाक्याला काय झालंय? ते मजेत आहे तुमच्या पानावर.

खरं नाही, खोटं नाही, मग मधे काय आहे? मी कपडा कापते तेव्हा कापते किंवा कापत नाही. आणि वर तूच लिहितेस, बाहेर पडू नकोस! म्हणजे मालकाने एक खुर्ची टाकली होती, तू शेजारी दुसरी टाकलीस.

तुझी वाट न बघता मी गल्लीच्या टोकाच्या वकिलाला बोलावलं. त्याच्या काळ्या कोटाच्या बाह्या मीच आखूड केल्यात, म्हणून आला. दारात उभा राहिला, मोबाईल काढला, आणि तेच पान मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "वकीलसाहेब, हे मला पाठ आहे." तर म्हणतो, "मग बाई, तुम्हाला कायदा माहीतच आहे की!" मालक खुर्चीत बसून मान डोलावत होता, जणू गाण्याला आलाय.

मालकाचंही काही खरं नाही. गुडघे सुजलेत. मेव्हणीच्या मुलाचं लग्न होतं, गेला नाही. बायको डबा घेऊन येते आणि जिन्यात उभी राहून त्याला फाडून खाते. "त्या बाईला बाहेर काढायला निघालात आणि स्वतःच घराबाहेर पडलात!" मला आतून हसू येत होतं. मग आठवलं, मीही आतच आहे.

काल ताई रडली. म्हणाली, "आई, तुला यायचंच नाही असं सांग ना सरळ." काय सांगणार होते, मोबाईलवर एक वाक्य आहे म्हणून येत नाही?

लवकर शोध.

आत्या

---

२५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

सापडलं. म्हणजे वाक्य कुठून आलं ते सापडलं.

आमच्या साइटच्या जुन्या, लोकांना दाखवण्याच्या आधीच्या प्रती ठेवलेल्या असतात. अगदी पहिल्या प्रतीत पानावर दुसरं काहीच नव्हतं, तराजू होता आणि ते एक वाक्य होतं. तेव्हा कंपनीत वकील नव्हते, तपासनीस नव्हते. एक पान आखणारा मुलगा होता. मी त्याला शोधून फोन केला. आता तो बुटांच्या दुकानाची पानं आखतो. वाक्य वाचून दाखवलं तर हसायलाच लागला. "अहो ते? तो बारीक आकडा वाक्याच्या शेवटी कसा दिसतो ते बघायला मी काहीतरी टाकलं होतं. नमुना हो!" मी विचारलं, पण हेच का? तर म्हणाला, "त्या वेळी माझा घरमालक रोज दारात येऊन हेच म्हणायचा. डोक्यात तेच होतं."

नमुना काढायचा राहिला. तिसऱ्या साइटने आमचं उचललं, दुसरीने तिसरीचं. मग कंपनीने नियम केला की प्रत्येक वाक्याला आधार हवा, तेव्हा कोणीतरी शोधलं आणि त्याला दुसऱ्या साइटचा आधार मिळाला.

म्हणून आत्या, आता मी म्हणू शकते: खोटं.

पण मी आमच्या मुख्य बाईंकडे गेले. त्या वाईट नाहीत, नियमाला धरून आहेत. त्या म्हणाल्या, वाक्य घालायला जसा आधार लागतो तसा काढायलाही लागतो, नाहीतर ज्याला जे आवडत नाही ते तो काढून टाकेल. मी म्हटलं, कायद्यात हे नाही. त्या म्हणाल्या, "नाही असं कुठे लिहिलंय ते दाखव." आता कायदा ज्या गोष्टी म्हणत नाही त्यांची यादी कुठला कायदा छापतो? नसलेल्या गोष्टीला पान नंबर नसतो. बूटवाल्या मुलाचं सांगितलं, तर म्हणाल्या फोनवरचं बोलणं आधार म्हणून चालत नाही. लेखी माग म्हणाल्या. त्याला लेखी मागितलं, तर तो म्हणाला, "मी वकील नाही, माझ्या लेखी म्हणण्याला कोण विचारतंय?" आणि तेही बरोबर आहे.

मालकाला हे सगळं सांग. नाहीच ऐकलं तर कोर्टात अर्ज करता येतो. फक्त त्यासाठी स्वतः जावं लागतं.

तुझी भाची

---

१ ऑक्टोबर

चि. ढमीस आशीर्वाद.

स्वतः जावं लागतं! धन्य आहे. एवढी शिकलीस आणि मला कोंडून घेतलेल्या बाईला बाहेर येऊन अर्ज करायला सांगतेस.

दार फटीएवढं उघडून मालकाला सगळं वाचून दाखवलं. बुटवाला, नमुना, गोल गोल फिरणं, सगळं. नीट ऐकून घेतलं त्याने, मधे बोलला नाही. मग मोबाईल काढला, पान उघडलं आणि म्हणाला, "आहे की अजून." मी म्हटलं, अहो पण खोटं आहे. म्हणतो, "खोटं असतं तर एवढ्या मोठ्या कंपनीने ठेवलं असतं का? आणि बाई, तुमची भाची तुमच्या बाजूने बोलणारच." खरंच तू माझ्या बाजूची आहेस.

तेव्हा ढमे, वाक्य खोटं आहे हे तुला कळलं, मला कळलं, बुटवाल्याला कळलं. कुलूप मालकाच्या खिशात आहे. त्याला कळल्याशिवाय उपयोग काय?

ताईच्या पायावर सूज आली आहे. काल शेजारीण आली नाही, ती दिवसभर बिस्किटावर होती. हे तिने सांगितलं नाही, मी विचारून काढलं.

मला पुन्हा नियम लिहून पाठवू नकोस.

आत्या

---

१० ऑक्टोबर

ढमे,

आशीर्वाद वगैरे नंतर. तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. आधी सांग, परवा कायदा बदलला होता का?

परवा सकाळी मालक रोजच्यासारखा मोबाईल बघत बसला होता. तो सकाळ-संध्याकाळ ते पान उघडून बघतो, जसं कोणी दुखरा दात जिभेने चाचपतं. मी फटीतून बघत होते. एकदम त्याने मोबाईल जवळ धरला, लांब धरला, वर सरकवलं, खाली सरकवलं. मग उठला. खुर्ची घडी केली, काखेत मारली आणि जिना उतरला. बायकोने खालून विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "गेलं ते."

मी दार उघडलं. मग जिन्यात आले. मग गल्लीत. अगं, माझे पाय चालायला विसरले होते, किराणावाल्याच्या फळीला धरून उभी राहिले. तो म्हणाला, "काकू, आज टोपली नाही?" गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि काही कारण नसताना परत आले. पुन्हा गेले. लोकांना वाटलं असेल बाईचं काही हरवलंय.

ताईला फोन केला, मोठ्याने, जिना दणाणेल एवढ्या मोठ्याने. उद्या सकाळच्या गाडीने निघते. ती हुंदका देऊन हसली. मी पिशवी भरली. गिऱ्हाइकांचे कपडे किराणावाल्याकडे देऊन ठेवले.

काल सकाळी पिशवी हातात घेऊन दार उघडलं. मालक खुर्चीत.

"आलं परत," म्हणाला.

त्याचाही चेहरा उतरला होता, खोटं कशाला बोलू. मला वाटतं तोही रात्रभर घरच्या गादीवर सुखाने झोपला असणार.

मी दार लावून घेतलं. पिशवी अजून भरलेलीच आहे. ताईने काय केलं होतं माहीत आहे? उठायला नको म्हणून शेजारणीला बाहेरून कुलूप न लावता दार नुसतं लोटून जायला सांगितलं होतं. मी ढकलून आत यावं म्हणून. दिवसभर आणि रात्रभर एकटी बाईमाणूस उघड्या दाराने पडून होती.

हे कोणी केलं, कसं केलं, मला कळव. आणि आता मी सांगते ते कर. तू त्या पानापाशी बसतेस. तिथे एक वाक्य लिही. "लेकीच्या आजारपणासाठी भाडेकरू गेल्यास ताबा जात नाही." पुढे आकडा टाक, कुठला का असेना. मालक आकडा दाबून बघत नाही, आकडा आहे का एवढंच बघतो. एका नमुन्याने मला आत टाकलं, दुसऱ्याने बाहेर काढ. तुझं काय जातंय?

आत्या

---

१४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

मी केलं होतं. मुख्य बाईंना न विचारता वाक्य काढलं. मला वाटलं निदान आठवडाभर कोणाच्या लक्षात येणार नाही, तेवढ्यात तू ताईकडे पोचशील. तुला आधी कळवायला हवं होतं, पण पत्राची वाट बघेपर्यंत कोणी मला अडवेल या भीतीने नुसतीच काढून मोकळी झाले. आमच्याकडे अशी सोय आहे की आधार असलेलं वाक्य आधाराशिवाय काढलं तर ते दुसऱ्या दिवशी आपोआप परत बसतं. हे मला माहीत नव्हतं. ताईच्या उघड्या दाराचं वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

तू सांगतेस ते वाक्य मी लिहिणार नाही. रागाव, पण ऐक. तुझ्यासारख्या किती बायका कुठल्या कुठल्या जिन्यामागे ते पान वाचत असतील. तुझा मालक निदान भित्रा आहे. एखादीचा नसेल. ती माझ्या वाक्यावर भरवसा ठेवून लेकीकडे जाईल आणि परत येईल तर कुलूप. मग तिचा वकील ते वाक्य कोर्टात वाचेल आणि न्यायाधीश विचारतील, याला आधार काय? त्या बाईला मी काय सांगू, माझी आत्या घाईत होती?

आणि तसंही मला आता लिहिता येणार नाही. मी रजेवर आहे. बरीच रजा साठली होती.

म्हणून सरळ उपाय. जागा रिकामी नसली की झालं ना? मी येते. शनिवारी दुपारी पोचते. मी आत शिरले की तू बाहेर पड. घरचं माणूस घरात आहे, मालक काही बोलू शकणार नाही.

पिशवी भरलेलीच राहू दे.

तुझी ढमी

---

२६ ऑक्टोबर

चि. ढमीस आशीर्वाद.

पोचल्याचं कळवलं होतंच. आता सवडीने लिहिते, ताई झोपली आहे.

तू दारातून आत आलीस आणि मी तुझ्या शेजारून बाहेर पडले, धड पाठीवरून हातही फिरवला नाही. मागे वळले असते तर पाय निघाला नसता. मालक उठून उभा राहिला होता तेवढं दिसलं.

रजा म्हणे! रजेवर आलेलं माणूस ऑफिसातला कप आणि टेबलावरचं रोपटं बरोबर आणत नाही. मी चौथी शिकले, आंधळी नाही. तुला घरी बसवलंय. माझ्यापायी. हे मला तोंडावर सांगितलं असतंस तर मी निघाले नसते, म्हणून नाही सांगितलंस. ठीक आहे. हिशेब नंतर करू.

ताई पहिला दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिचे पाय दाबत बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या खोलीत असं काय आहे गं?" मी सगळं सांगितलं. तर म्हणाली, "म्हणजे एका वाक्यासाठी?" आता तिला काय समजावू. तिच्या पलंगावरून तिलाही डॉक्टरणीच्या एका वाक्याने उठू दिलेलं नाही. फरक एवढाच की डॉक्टरीण तपासून बोलली.

सूज उतरत नाही. रक्ताचा दाब वर जातोय. मला इथून हलता येणार नाही.

तू तिथे हलू नकोस. माहीत आहे मला, वाक्य खोटं आहे. तरी हलू नकोस. टोपलीची दोरी खिळ्याला दोनदा गुंडाळ, एकदा गुंडाळली तर सुटते. मालकाशी फार बोलू नकोस, बोलायला गोड आहे.

आत्या

---

५ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

बोलले. इथे दुसरं करायला काय आहे?

त्याने परवा दाराबाहेरून विचारलं, "मॅडम, तुम्ही त्याच कंपनीत ना? मला खरं सांगा. ते वाक्य खरं आहे ना?" मी दार उघडून उंबऱ्याच्या आत बसले, तो बाहेर खुर्चीत. सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "मग काढत का नाहीत?" मग मी विचारलं, "काका, तुम्हाला आता कळलंय ना की हे एका मुलाने नमुना म्हणून टाकलं होतं? मग घरी जा. तुमचे गुडघे बघा." त्याने गुडघे चोळले. म्हणाला, "मी घरी गेलो आणि ते खरं निघालं तर?"

मला हसू आलं. दार लावून चहा टाकायला गेले, दूध संपलं होतं. किराणावाल्याचं दुकान बंद होतं, टोपली उपयोगाची नव्हती. दूधवाला चार दुकानं सोडून आहे. मी पिशवी घेतली, दाराला हात लावला आणि थांबले. आत्या, त्या वाक्याची जन्मकथा जगात मला सगळ्यांत जास्त माहीत आहे. ज्याने लिहिलं त्याचं हसणं मी कानांनी ऐकलंय. आणि मी पिशवी खिळ्याला अडकवली आणि कोरा चहा प्याले.

एवढे दिवस मी समजत होते की तू घाबरतेस.

आता तुला लपवून उपयोग नाही. तू ओळखलंसच. बावीस तारखेला माझी चौकशी आहे. स्वतः हजर राहायचं. नाही गेले तर नोकरी गेली, आणि "आधाराशिवाय मजकूर काढला" असा शेरा घेऊन मला दुसरीकडे कोणी ठेवणार नाही. मला जायचंय. नोकरीसाठी जायचंय, आणि ते वाक्य कसं जन्मलं ते सगळ्यांसमोर एकदा बोलायचंय, लिहून घ्या म्हणायचंय. चौकशीत जे बोललं जातं ते लिहिलं जातं. आणि लिहिलं गेलं की तो कागद होतो, त्याला तारीख असते, नंबर असतो. मग वाक्य काढायला आधार म्हणून मी तोच दाखवू शकते.

पण मी गेले की खोली रिकामी. तुला हलता येत नाही. तू सांगशील तसं करीन. थांब म्हणालीस तर थांबेन, खरंच.

तुझी ढमी

---

११ नोव्हेंबर

चि. ढमीस आशीर्वाद.

मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच ओढून काढावी लागली, रक्ताचा दाब फार चढला. एवढीशी आहे, माझ्या शिवणाच्या कात्रीएवढी लांब असेल नसेल. काचेच्या पेटीत ठेवलीय, हात लावू देत नाहीत. ताई बरी आहे. डॉक्टरीण म्हणाली, आणखी उशीर झाला असता तर दोघींपैकी एकच मिळाली असती. रिक्षा बोलवायला, जिना उतरवायला मी होते म्हणून झालं. म्हणजे तू तिथे होतीस म्हणून झालं. हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

आता खोलीचं. तू जा. पत्र मिळाल्या मिळाल्या निघ. मी आणखी महिना-दीड महिना हलत नाही, आणि तेवढे दिवस तुला कोंडून ठेवायला मी मालक नाही.

खोली मी सोडलेली नाही, हे लक्षात ठेव. फक्त कुलूप लावू द्यायचं नाही. कुलूप लागलं की विषय संपतो. म्हणून असं कर. दार सताड उघड आणि त्याला म्हण, "काका, या, आत बसा, जागा तुमची." तो बिचकेल. मग म्हण, "पण कुलूप लावून घरी जाऊ नका हं. जागा रिकामी दिसली आणि आत्या येऊन बसली, तर तुमचाही ताबा गेला." तो मोबाईल काढेल. पानावर भाडेकरूचं लिहिलंय, मालकाचं काही लिहिलेलं नाही. तो विचारेल, असं कुठे लिहिलंय? तू म्हण, नाही असं तरी कुठे लिहिलंय? बस. खोटं बोलायला मी तुला सांगत नाहीये, तुमच्या मुख्य बाईचंच बोलणं त्याला ऐकवायचंय. पुढचं त्याचा स्वभाव बघून घेईल.

न्हाणीचा नळ गळतो ते त्याला दाखवून ठेव. मी वर्षभर सांगत होते, कधी आत येऊन बघितलं नाही. आता बघेल.

चौकशीत माफी मागू नकोस. ते मागायला लावतील, तू मागशील, तुझी जीभ माफीला फार लवकर वळते. जे झालं ते सांग, लिहून घ्या म्हण, आणि लिहिलेलं वाचून बघितल्याशिवाय सही करू नकोस. माझं काय झालं तेही लिहायला लाव. बाईचं नाव घालू नका म्हणावं, पण बाई होती हे घाला. नोकरी राहिली तर बरं. गेली तर इकडे ये, इथे दवाखान्यासमोर गल्ली आहे, सगळ्यांचे कपडे ढगळ आहेत.

आणि पुढच्या महिन्यात ताई उठून बसली की मी परत जाणार आहे. जिना चढणार आणि माझ्या दारावर थाप मारणार. आतून तो विचारेल, "कोण आहे?" आणि दार उघडू की नको, उघडलं तर काय होईल, याचा विचार करत आत उभा राहील.

मला घाई नाही.

आत्या